साखरेवर वाढलेली रोपं

“चहात साखरेऐवजी मीठ घातलं तरी हा माणूस छान झालाय म्हणत पिईल,” आई लेकीला म्हणाली, मागच्या व्हरांड्यात नीट ऐकू जाईल अशा बेतानं. “घातलंय मी. अर्धा कप संपला. ये बघायला.”

लेक इस्पितळात नर्स होती. रात्रपाळी करून नुकतीच आडवी झाली होती आणि आईच्या तक्रारी डोळे मिटून ऐकायची तिला लहानपणापासून सवय होती. “त्यांना दुसरा चहा दे, आई,” एवढं म्हणून तिनं कूस बदलली.

तेवढ्यात व्हरांड्यातून जावयाचा आवाज आला. “आई, कप विसळून ठेवतो हं. चहा छान होता.”

आईनं कपाळाला हात लावला.

लेकीचीच नव्हे, ती साऱ्या गल्लीची आई होती. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला आईच म्हणत, आणि म्हणताना जरा सरळ उभे राहत. हे घर तिनं भांडून चालवलं होतं. दिराशी भांडली, पाणी सोडणाऱ्याशी भांडली, खजूर तोलताना मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याला तर तिनं त्याच्याच दुकानात तासभर बसवून ठेवलं. शाळेची पायरी तिनं फारशी चढली नव्हती, पण कुणाला किती बोलायचं याचा हिशेब तिचा कधी चुकला नाही. भांडण म्हणजे तिच्या लेखी माणसाची विचारपूस होती. जो उलटून बोलत नाही तो पाहुणा, आणि पाहुणा किती दिवस घरात ठेवायचा?

हा पाहुणा लेकीची इथे बदली झाल्यापासून राहत होता. उंच, किरकोळ, नखं कापलेली, बोलणं मऊ. प्रयोगशाळेत काम करायचा, जिथे बाटलीत झाडं तयार करतात. गल्लीत कुणी विचारलं, जावई काय करतात, तर आई म्हणायची, “बाटल्या भरतात.” विचारणाऱ्याचा चेहरा बघून मग सावकाश खुलासा करायची.

आला तेव्हा बरोबर कपडे थोडे आणि बाटल्या फार होत्या. त्या बाटल्यांत थोरली होती.

थोरली म्हणजे अंगणातलं खजुराचं झाड. लग्न होऊन या घरी येताना आईच्या वडलांनी आपल्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं एक पिल्लू गोणपाटात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवलं होतं. सारी वाट तिनं ते तान्ह्या मुलासारखं सांभाळलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावलं. नवरा लवकर गेला. फुलोरा आला की नरझाडाची फुलं वर चढून मादीच्या तुऱ्यात बांधावी लागतात, नाहीतर खजूर धरत नाही. ते काम करणाऱ्या गड्यानं दुप्पट मजुरी मागितली, तेव्हा आईनं कमरेला दोर बांधला आणि स्वतः चढली. खाली बघे जमले. बाईमाणूस झाडावर, असं कुणीतरी म्हणालं. “वर यायचं तर या, नाहीतर खालून हला,” ती शेंड्यावरून म्हणाली, “हातात कोयता आहे, सुटायचा.” त्यानंतर ती दर वर्षी चढली, गुडघ्यांनी नाही म्हणेपर्यंत. त्या झाडावर तिची पोरं वाढली. तसा पातळ सालीचा, जिभेवर विरघळणारा खजूर दुसरीकडे नव्हता, आणि असं ती म्हणत असली तरी ते खरं होतं.

थोरलीचे काटेही तिचेच होते. इतर झाडांचे काटे पानाच्या टोकाकडे रोखलेले असतात. हिचे उलटे, देठाकडे वळलेले. हात आत घालताना काही होत नसे, बाहेर काढताना मात्र ओरबाडून निघायचा. आईच्या दोन्ही मनगटांवर त्या खुणा होत्या, आणि ती बांगड्यांपेक्षा त्या जास्त मिरवायची.

खजुराला बुंध्याशी पिल्लं फुटतात ती तरुणपणातच. तेव्हा आईनं ती वाटली, आवडत्या माणसांना दिली, नावडत्यांना नाकारली. ज्यांना दिली त्यांनी पुढे अंगणात खोल्या बांधल्या आणि झाडं काढून टाकली. मग थोरलीच्या खोडात सोंड्या भुंगा शिरला. भोकातून भुसा गळायला लागला, खोड वाजवलं की पोकळ वाजायचं. तेव्हा कळलं की जगात तिचं आता एकच पिल्लू उरलंय, आणि तेही खोडावर उंच, अधांतरी फुटलेलं, मुळं नसलेलं.

जावई तेव्हा सुट्टीत आला होता. असलं पिल्लू मातीत लावून जगेलच असं नाही, म्हणाला. प्रयोगशाळेत नेऊन बघू का, असं त्यानं इतक्या हळू विचारलं की आईला ते दुसऱ्यांदा विचारायला लावावं लागलं. तिनं दिलं.

काही दिवसांनी ती बघायला गेली. चपला काढायला लावल्या, तोंडाला फडकं बांधायला लावलं, काचेपलीकडे उभं केलं. पिल्लू कुठंय, तिनं विचारलं. जावयानं एका बशीकडे बोट दाखवलं. कांदा सोलावा तसं त्यांनी पिल्लू पान पान करून सोललं होतं. आत बोटाच्या पेराएवढा पांढरा गाभा उरला, तोही चिरून फोडी केल्या होत्या.

“हे?” आई म्हणाली.

“हो आई. हेच.”

घरी येऊन ती कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. फोन आला की लेकीला विचारायची, खाटीक बरे आहेत ना. त्याच उन्हाळ्यात थोरली कापावी लागली. करवत चालली तेव्हा आई स्वयंपाकघरात भांडी घासत बसली, घासलेलीच. खिडकीतून पहिल्यांदाच समोरच्या घराची भिंत दिसली.

वर्षं गेली. फोडींना दाणे फुटले, दाण्यांना कोंब आले, कोंबांना मुळं. जावई फोनवर सांगायचा आणि आई, असं का, म्हणायची. मग एक दिवस तो बाटल्या घेऊन राहायलाच आला. प्रयोगशाळेच्या शेडमध्ये मोठ्या मागणीच्या रोपांनाच जागा होती. ही घरची रोपं त्यानं वरिष्ठांना विचारून आणली होती, व्हरांड्यात वाढवायला. आईच्या खुर्चीची जागा गेली. तिथे टेबल आलं, टेबलावर पेले, पेल्यांत नारळाचा भुसा, भुशात गवताच्या पातीसारखी रोपं, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकचा तंबू. सकाळी उठून तो स्वतःच्या तोंडावर पाणी मारायच्या आधी रोपांवर बारीक फवारा मारायचा.

“झाडं आहेत की नवरदेव?” आई म्हणाली.

त्यानं समजावून सांगितलं, जमिनीवर उकिडवा बसून, जसा तो सगळंच सांगायचा. बाटलीत हवा सतत ओली असते, म्हणून यांच्या पानांवर मेणाचा थर धरलेला नाही. पानाला बारीक तोंडं असतात, हवा कोरडी झाली की ती मिटतात, पाणी राखतात. यांची तोंडं मिटायला शिकलेलीच नाहीत. बाहेर काढली की तासाभरात सुकतील. मुळं दिसतात ती जेलीत वाढलेली, मातीत कामाची नाहीत, नवी फुटावी लागतील. शिवाय आजवर अन्न म्हणून त्यांना साखर मिळत होती. उन्हातून स्वतःचं अन्न करायचं काम पानांना पडलंच नाही. म्हणून प्लॅस्टिकला रोज एक भोक पाडायचं, हवा थोडी थोडी कोरडी करायची, ऊन थोडं थोडं वाढवायचं.

“म्हणजे लाडावलेली,” आईनं निकाल दिला.

“लाडावलेली नाही, आई. त्यांना कधी भूकच लागलेली नाही.”

हे वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. वरवर ती तंबूची चेष्टा करत राहिली. तिची पोरं उघड्यावर वाढली, त्यांना कुणी फवारा मारला नव्हता, वगैरे. पण जावई कामाला आणि लेक इस्पितळात गेली की ती टेबलाशी जाऊन उभी राहायची. प्लॅस्टिकच्या आत थेंब जमलेले असायचे, त्यातून रोपं धूसर दिसायची. थोरलीशी त्यांचं काही नातं असेल असं वाटायचं नाही. जावई म्हणायचा, ही तिची लेकरं नाहीत, ही तीच आहे. आईला ते पटत नव्हतं, पण खोटं ठरावं असंही वाटत नव्हतं.

पहिल्या भोकांनंतर दोन-तीन रोपांची पानं खाली लोळली. असं होतं, सावरतील, जावई म्हणाला. आईला ते बघवेना. चार पोरांचं दूध तिनं तोडलं होतं. दूध कुणी एका दिवसात तोडतं का? साखरेवर वाढलेल्या पोराची साखर एकदम बंद केली तर ते मान टाकणारच. एवढी शिकलेली माणसं, आणि एवढं सुचू नये. तिनं कोमट पाण्यात चमचाभर साखर विरघळवली आणि प्लॅस्टिक उचलून प्रत्येकाच्या बुडाशी थेंब थेंब सोडली. दुसऱ्या दिवशीही. कुणाला सांगितलं नाही. इतकी चेष्टा केल्यावर सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

मुंग्या आल्या. जावयानं टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि काही बोलला नाही. मुंगीही मारवत नाही याला, आईला वाटलं. ती साखर घालत राहिली. मग रोपांच्या बुडाशी कापसासारखी बुरशी दिसली. एके सकाळी जावयानं एका रोपाचं मधलं पान धरलं आणि ते अलगद हातात आलं. खाली कुजका वास. त्या आठवड्यात रोज तो पेले उचलून बाहेर नेत होता. डझनभर गेली. तीन राहिली, कडेच्या रांगेतली, जिथे आईचा हात नीट पोचत नव्हता.

रात्री जेवताना लेकीनं विचारलं, अशी कशी गेली एकदम?

“माझ्याकडून पाणी जास्त झालं,” जावई ताटाकडे बघत म्हणाला.

आई वाढत होती. पळी कलून रस्सा ताटाबाहेर सांडला. लेक हात धुवायला उठली तेव्हा ती त्याच्यासमोर बसली. “मुंग्या कशानं आल्या हो?”

“मुंग्या येतातच, आई.”

“तुम्हाला माहीत होतं.”

त्यानं ताट बाजूला सरकवलं.

“कधीपासून?”

“पहिल्याच दिवशी. चमचा टेबलावर राहिला होता.”

“मग माझा हात का नाही धरलात? बुरशी येते हे मला काय ठाऊक? तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“बाटलीत सगळं निर्जंतुक असतं, तिथे साखर चालते. बाहेर...” तो थांबला. “तुम्ही मायेनं करत होतात. कसं बोलणार? वाटलं, एक-दोन दिवसांत थांबाल.”

“मायेनं मारलेलं मरत नाही का?” आई म्हणाली.

लेक परत आल्यावर तिनं स्वतःच सांगितलं, साखर मी घातली, यांचा काही दोष नाही. मग उठली आणि सांडलेला रस्सा पुसला. स्वतःचा दोष तिनं एका वाक्यात संपवला. त्याचा मात्र संपला नाही. तिच्या हातून चूक झाली ती न कळल्यामुळे. त्याच्या हातून झाली ती सगळं कळून, सासूला नको म्हणता येईना म्हणून. आपल्या घरात आपल्याला कुणी पाहुण्यासारखं सांभाळून घ्यावं, आणि त्यापायी थोरली जावी, हे तिला गिळता येईना.

तेव्हापासून ती त्याची परीक्षा घेत होती. पंखा बंद करायची, तो वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचा. त्याच्या खुर्चीवर पापड नाहीत तर गाद्या वाळत टाकायची, तो उभ्यानं वाचायचा. आज मीठ.

दीड वर्षात तीन रोपं मोठ्या कुंड्यांत आली होती. प्लॅस्टिक कधीच निघालं होतं. पानं आता जाड होती, निळसर झाक असलेली, बोटानं घासलं की मेणाची पुसट रेघ उमटायची. गवताच्या पातीसारखी पानं जाऊन पिसासारखी, चिरलेली पानं आली होती. तीनातल्या एकाच्या पानांवर पांढरे पट्टे होते आणि ते इतरांच्या निम्मंच वाढलं होतं. बाटलीत कधीकधी एखाद्यात असा बिघाड होतो, जावई म्हणाला होता, याला बहुधा धड फळ येणार नाही, प्रयोगशाळेत अशी काढून टाकतात. “राहू दे,” आई म्हणाली होती. “प्रत्येक घरात एक असतंच. आमच्यात माझा दीर होता.” ते तिनं दारापाशी ठेवलं.

भांड्यात उरलेला मिठाचा चहा मोरीत ओतून ती व्हरांड्यात आली. जावई आत कपडे बदलत होता. पाणी घातलंय का बघायला तिनं सगळ्यात मोठ्या कुंडीत, पानांच्या मधे हात घातला. आत काही झालं नाही. बाहेर काढताना मनगटाला काहीतरी चावलं.

तिनं पान बाजूला केलं. देठाजवळ, जिथे गेल्या आठवड्यापर्यंत मऊ पातं होतं, तिथे हिरवा, टोकाला पिवळा असा काटा होता. एकच. बोटाच्या नखाएवढा. आणि उलटा, देठाकडे वळलेला.

मनगटावर जुन्या खुणांच्या शेजारी रक्ताचा ठिपका आला. आईनं तो पुसला नाही.  मग तिनं पदर खोचला, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि अंगणात गेली.

थोरलीचा बुंधा जमिनीसरशी कापलेला होता, वर माती आणि पालापाचोळा. त्याच्या अगदी कडेला तिनं पहिला घाव घातला. दुसरा घातला. जावई शर्टाची बटणं लावतच बाहेर आला.

“कुंडी आणा,” आई म्हणाली. “मोठी. आज लावायची. इथेच.”

“हो आ—” तो म्हणाला आणि थांबला. दोन पावलं पुढे आला. “नाही.”

आईनं कुदळ उचललेली तशीच धरली. “काय म्हणालात?”

“इथे नाही, आई. हा बुंधा तेव्हा उपटायला हवा होता, तो राहिला. आत अजून भुंग्याच्या अळ्या असतील. कोवळं झाड आधी खातात.”

“इथे होती ती. खिडकीसमोर.”

“खिडकीच्या डाव्या हाताला लावू. नळाकडे. तिथूनही दिसेल.”

“मला तिथे नकोय. घर माझं, अंगण माझं, झाड माझं.”

“झाड तुमचं आहे म्हणूनच,” तो म्हणाला आणि त्यानं कुदळीचा दांडा धरला.

आईनं हिसका दिला. दांडा सुटला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण बोटं उघडली नाहीत. खिडकीत लेक येऊन उभी राहिली होती, केस विस्कटलेले. 

“साखरेच्या वेळी मी गप्प बसलो,” जावई म्हणाला. त्याचा आवाज मऊच होता, फक्त मागे जात नव्हता. “डझनभर गेली. तीन उरलीत, त्यातलं एक तसलं. आता नाही बसणार गप्प. तुम्ही पुन्हा बोलणं बंद केलंत तरी चालेल.”

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग दांड्यावरच्या त्याच्या हाताकडे. त्याच्या मनगटावर, तिच्या ओरखड्यासारखाच एक ओरखडा होता. खपली धरलेला.

“काटा बघितला होतात तुम्ही,” ती म्हणाली.

“परवा.”

“आणि बोलला नाहीत.”

“म्हटलं, तुम्हालाच टोचू दे.”

खिडकीत लेक हसली आणि तोंडावर हात ठेवला. आई हसली नाही. तिनं ओठ घट्ट मिटले, ते मिटलेले राखायला तिला कष्ट पडत होते.

“चहात मीठ होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे. भयंकर होता.”

आईनं कुदळ सोडली. हात झाडले, खोचलेला पदर काढून मनगटावरचं रक्त टिपलं आणि नळाच्या दिशेनं दोन-चार पावलं टाकून जागा बघून घेतली. ऊन तिथे चांगलं पडत होतं. मग ती त्याच्याकडे वळली.

“फार वेळ लावलात हो काटा फुटायला,” ती म्हणाली. “पण आता तुम्हाला उन्हात ठेवायला हरकत नाही.”